गावापुढं सांगायचं राहिलं

मामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी राजूरच्या शाळेत सातवीच्या वर्गावर होते. फोन आमच्या ह्यांचा होता. "तू ये," एवढंच म्हणाले. मागून बायकांचं रडणं ऐकू आलं तेव्हा कळलं. मामा म्हणजे माझे सासरे, नारायण गुरव. आमच्याकडे सून सासऱ्याला मामाच म्हणते. सकाळी मी निघाले तेव्हा ते ओट्यावर बसून हळद चाळत होते. चंपाषष्ठी चार दिवसांवर आली होती, आणि खंडोबाला लागणारा भंडारा ते बाजारातून विकत आणू देत नसत. चाळता चाळताच एका अंगावर कलंडले. जीपमध्ये बसल्यावर माझ्या मनात पहिल्यांदा जे आलं ते दुःख नव्हतं. काय होतं ते पुढे सांगते, आत्ता सांगण्याचा धीर होत नाही. घरी पोचले तेव्हा पुरुषमंडळी त्यांना आंघोळ घालत होती आणि कुणीतरी म्हणत होतं, "बोटाची हळद काही निघून न्हाई राह्यली." ती निघणार नव्हतीच. सगळा जन्म देवापुढे बसलेल्या माणसाची बोटं होती ती. आमच्या घरातल्या लाइटच्या बटणांवर, टीव्हीच्या रिमोटवर, माझ्या मोबाइलच्या कव्हरवर, पोरांच्या शाळेच्या शर्टांवर त्यांच्या बोटांचे पिवळे ठसे आहेत. त्यावरून मी त्यांच्याशी कितीदा तरी भांडले असेन.

माणूस मायाळू होता, हे आधी सांगून टाकते, कारण पुढे जे सांगायचंय त्यात ते हरवून जाईल. मला नोकरी लागली तेव्हा गुरवाची सून रोज जीपमध्ये बसून बाहेरगावी जाणार म्हणून गावात कुजबुज झाली. मामांनी वाद घातला नाही. रोज सकाळी ते रस्त्यात जाऊन दोन्ही हात पसरून जीपपुढे उभे राहायचे, माझा डबा भरून होईपर्यंत. "थांब रे, सून येऊन राह्यली." जीपवाला वैतागून म्हणायचा, "गुरवबाबा, देव सोडून सुनेची पूजा करू राह्यले का?" तर म्हणायचे, "देव काय डबा देतो का मला?" सासूबाई लवकर गेल्या. त्यानंतर घरात वांग्याचं भरीत मामाच करायचे, आणि मी शाळेतून येईपर्यंत माझ्या वाटणीचं झाकून ठेवायचे. कुणाचं वाईट व्हावं असं त्यांना कधी वाटलं असेल, हे मी आजही मान्य करणार नाही. पण वाईट झालं, आणि ते त्यांच्या हातून झालं.

मी या घरात येण्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट. आमच्या खंडोबाचा चांदीचा मुखवटा चोरीला गेला आणि देवळात राखणीला असणारे किसनबाबा डोक्यात मार बसून गेले. गाव पेटून उठलं. देवरावअण्णा, ज्यांच्या शब्दावर अजूनही आमचं गाव चालतं, त्यांनी ठरवलं की सभामंडपात झोपायला जाणाऱ्या पोरांना भंडारा उचलायला लावायचा. शपथेची ही आमच्याकडची जुनी रीत. ताटातला चिमूटभर भंडारा कपाळाला लावायचा आणि "मी केलं नाही" म्हणायचं. खोटं बोलेल त्याला देव बघून घेतो. ताट मामांच्या हातात होतं. बाकी सगळ्या पोरांनी उचलला, दोघांनी नाही. संदीप आणि त्याचा चुलतभाऊ गजानन, दोघंही नुकतीच अठरा ओलांडलेली. झालं. दुसऱ्या दिवशी पोलिसांनी उचललं, मग कबुलीजबाब निघाला, तो कसा निघतो ते आपण सगळे जाणतो, आणि शेवटी जन्मठेप. मी नवी नवरी म्हणून आले तेव्हा ही हकिकत मला सगळ्यांनी एकाच वाक्यात सांगितली होती. भंडारा न्हाई उचलला, म्हंजे यांचंच काम. मीही ती माहेरी जाऊन तशीच सांगितली, जरा तिखटमीठ लावूनच.

बऱ्याच वर्षांनी दुसऱ्या जिल्ह्यात एक टोळी सापडली, तिच्याकडे तो मुखवटा निघाला आणि हायकोर्टानं दोघांना निर्दोष सोडलं. तोवर पोरांची उमेदीची सगळी वर्षं आत गेली होती. गजानन परस्पर चाकणला गेला, तो गेलाच. संदीप मात्र आईसाठी गावात आला. राजूरला मोटार रिवायंडिंगचं दुकान टाकलं. आमच्यापासून चौथं घर त्याचं. गाव त्याच्याशी नीट वागायचं, लग्नाकार्याला बोलवायचं, विहिरीवरची मोटर जळाली की त्यालाच फोन करायचं. फक्त एक होतं. त्याला कोर्टानं सोडलं, असं सगळे म्हणायचे. त्यानं केलं नव्हतं, असं कुणी म्हणायचं नाही.

मग गेल्या वर्षी पुण्याहून एक मुलगी कॅमेरा घेऊन आली. अशा चुकून शिक्षा झालेल्या पोरांवर ती माहितीपट करत होती. गावात सगळे तिला पिच्चरवाली म्हणायचे. आठवडाभर राहिली, आमच्या ओट्यावर बसून मामांशीही बोलली. मी तेव्हा शाळेत होते. मामा काय बोलले ते मला पिच्चर बघतानाच कळलं.

यंदा गणपती उठले आणि ती मुलगी पिच्चर दाखवायला परत आली. आधी गावाला दाखवते, मग इंटरनेटवर टाकते, म्हणाली. भर दुपारी शाळेच्या हॉलच्या खिडक्यांना सतरंज्या बांधून अंधार केला. सगळं गाव लोटलं होतं. मामा पुढे खुर्चीवर, धुतलेलं धोतर नेसून. सुरुवातीलाच ड्रोननं वरून गाव दाखवलं तर टाळ्या पडल्या. कुणाचं घर दिसलं की "ते आमचं, ते आमचं," म्हणून कालवा. पडद्यावर संदीपची आई तुरुंगाच्या दारातून भाकरी परत आणल्याचं सांगत होती आणि मागून एक जण ओरडला, "अय, आपली म्हैस!" सगळा हॉल हसला. मीसुद्धा हसले. खोटं कशाला बोलू? संदीपची आई माझ्या पुढच्याच रांगेत बसलेली होती, पदर तोंडाला लावून.

मग मामा आले पडद्यावर. ओट्यावर बसलेले, हळद चाळत. आणि माझा पहिला विचार काय असावा? की मागे दोरीवर वाळत घातलेले आमचे कपडे दिसतायत आणि पिच्चरवालीनं ते काढायला सांगायला हवं होतं. त्या मुलीचा आवाज आला, "बाबा, त्या दोघांनी भंडारा का नाही उचलला?" मामा चाळतच राहिले. खूप वेळ नुसती चाळण हलत होती... मग मान वर न करता म्हणाले, "ते मला काय म्हाईत?" आणि लगेच पुढे संदीप. दुकानात, हातात तांब्याची तार. "आम्हाला सुतक होतं," तो म्हणाला. "चुलत आजी वारली होती, दहा दिवस झाले नव्हते. गुरवबाबा स्वतः घरी आल्ते सांगायला. दहा दिवस पायरी चढू नका, देवाच्या वस्तूला हात लावू नका. आम्ही त्या आठवड्यात देवळात झोपायला गेल्तोच न्हाई. मंग त्यांनीच ताट पुढं धरलं. मी त्यांच्याकडं बघू राह्यलो. वाटलं, आता बोलतील, आता बोलतील..."

मला नवीन होतं ते, पण माझ्या आजूबाजूला बसलेल्या मोठ्या माणसांपैकी कुणालाच नवीन नव्हतं. ती आजी गावातच वारली होती. तिच्या तेराव्याला सगळं गाव त्यांच्याच अंगणात जेवून आलं होतं, आणि पोरं तेव्हा कोठडीत होती. सुतकात देवाच्या वस्तूला शिवायचं नसतं हे आमच्या गावात शेंबड्या पोरालाही कळतं. पोरांनी सांगितलं तरी बाहेरच्या पोलिसाला, वकिलाला, जज्जला तो बहाणा वाटला असेल, पण गावाला? जरा वेळानं कुणीतरी म्हणालं, "पंखा वाढवा जरा." पिच्चर संपला. कुणी संदीपकडे गेलं नाही. देवरावअण्णा पिच्चरवालीला म्हणाले, "बाई, गाव मात्र लई छान दाखवलं तुम्ही. चहा घेतल्याबिगर जायचं न्हाई." संदीप खिडक्यांच्या सतरंज्या सोडवून घड्या घालत होता. त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं ते काम.

त्या दिवशी मामा जेवले नाहीत. मी ताट घेऊन गेले आणि विचारलं, "मामा, खरं आहे का हे?"

"हां."

"मग कोर्टात का नाही सांगितलं?"

"वकिलानं इचारलं, पोरांनी हात लावला का? म्या म्हनलं, न्हाई लावला. का न्हाई लावला, असं कोणी इचारलंच न्हाई." पुढ्यातलं ताट सरकवून म्हणाले, "किसन माझा जोडीदार होता, शोभा. माझं डोकं फिरल्तं. देवराव म्हनला ताट धर, म्या धरलं. मंग पुढं तोंड उघडलं तर मीच खोटा पडलो असतो. इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो, कोणी इचारलं असतं तर सांगितलं असतं. आन् त्या पोरीनं इचारलं... म्या काय बोललो ते तू पाह्यलंच."

पिच्चर इंटरनेटवर आला आणि खाली लोकांची मतं पडायला लागली. मामांना मोबाइलवरची बारीक अक्षरं दिसत नसत. संध्याकाळी मी भाकरी टाकून मोकळी झाले की ते मोबाइल माझ्यापुढे धरायचे. "काय म्हनून राह्यले लोक?" मी वाचायचे. कुणी लिहिलं होतं, रडू आवरलं नाही. कुणी लिहिलं होतं, सुतक म्हणजे काय, समजलं नाही. एकानं, शपथ घेऊन टाकायची होती, जीव वाचला असता. एकानं, खेडेगावात असंच चालतं. आणि खूप जणांनी मामांबद्दल लिहिलं होतं. ते मी गाळायचे. दोन ओळी वाचायच्या, एक सोडायची. शिक्षकाच्या अंगात ही कला असतेच. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मामा म्हणाले, "तू मधी थांबून राह्यली. तितं माझं हाय ना काही? जे लिव्हलंय ते बराबर वाच." मग मी वाचलं. "हा म्हातारा चाळणीमागं तोंड लपवतो आहे." "त्या पोरांच्या जागी याला आत टाका." "देवाचा माणूस म्हणे." मामा प्रत्येकाला मान हलवायचे. "बराबर लिव्हलंय," म्हणायचे. "फुडं."

हजारो लोकांनी लिहिलं होतं, पण आमच्या गावातून एकानंही नाही. गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एवढंच आलं की गावाची विनाकारण बदनामी झाली, आणि त्याखाली हात जोडल्याची चित्रं. तिथे मीही काही लिहिलं नाही. एकदा वाचता वाचता मामांनी विचारलं, "आपल्या गावचं कोणी हाय का त्यात?" मी नाही म्हटलं. त्यांनी मोबाइल माझ्या हातातून घेतला आणि उलटा करून ठेवला.

दसऱ्यानंतरच्या एका सकाळी ते अंघोळ करून भंडाऱ्याचं ताट घेऊन निघाले. मी मागोमाग गेले, म्हातारा माणूस, कुठे पडायला नको. संदीपच्या दारात जाऊन उभे राहिले. संदीप दुकानाला निघाला होता. त्यानं ताटाकडे बघितलं आणि चप्पल घालायचा थांबला.

"बाबा, मी न्हाई उचलणार. मी कशाची शपथ घेऊ?"

"तू न्हाई रे लेकरा," मामा म्हणाले. "म्या उचलतो. तुझ्यासमोर सांगतो, म्याच तुला पायरी चढू नको म्हनलं होतं."

संदीपचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "मला काय सांगता? मला म्हाईतच हाय. तवा ताट गावापुढं धरलं होतं ना? मंग गावापुढं सांगा. माझ्या दारात काय करता?"

आत त्याची आई चुलीपुढे बसली होती. तिनं आमच्याकडे वळून बघितलं नाही. आम्ही परत आलो. येताना मामा म्हणाले, "बोलला ते बिलकुल खरं हाय." आणि त्याच क्षणी ठरवून टाकलं की येत्या रविवारी आरतीला, पायरीवर उभं राहून, भंडारा उचलून सगळं सांगायचं.

आता माझं. बातमी फुटायला वेळ लागत नाही. देवरावअण्णा घरी आले. "नारायणा, झालंगेलं गंगेला मिळालं. पोरं सुटली. आता देवळाचं नाव कशाला खराब करतो?" मामा ऐकत नव्हते. मग आमचे हे चिडले. मुलगी कॉलेजात आहे, पोराचं पुढचं बघायचंय, गावात राहायचंय. शेवटी सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, कारण मामा माझं ऐकायचे. मी अगदी शहाण्यासारखी म्हणाले, "मामा, रविवारी आरतीला असतात किती माणसं? पाच-पंचवीस. चंपाषष्ठीला सगळं गाव असतं, लेकीबाळी आलेल्या असतात. तेव्हाच सांगा ना." ऐकायला किती चांगलं वाटतं! मामांनाही पटलं. "हे बराबर बोलली," म्हणाले. माझ्या मनात मात्र एवढंच होतं की तेवढे दिवस निघून जातील, त्यांचा आवेश उतरेल, विसरतील. ते विसरले नाहीत. रोज सकाळी हळद चाळताना पाठ केल्यासारखं म्हणायचे, "पोरांनी भंडारा न्हाई उचलला, कारण म्याच सांगितलं होतं पायरी चढू नका. दोष त्यांचा न्हाई, माझा हाय." स्वयंपाकघरात मला ऐकू यायचं. माझ्या धाकट्याला तर ते पाठच झालं होतं. एकदा दूध पिता पिता म्हणायला लागला तर मी त्याला गप्प केलं.

आणि मग तो फोन. जीपमध्ये बसल्यावर मनात आलं होतं ते हे, की चला... आता सांगावं लागणार नाही. ज्या माणसानं माझ्यासाठी रोज जीप अडवली, तो गेल्याचं कळून पाऊण तास झाला नव्हता आणि मी त्याच जीपमध्ये बसून सुटकेचा श्वास टाकला. रडू नंतर आलं, भरपूर आलं, पण आधी ते आलं होतं.

मामांना पोचवायला सगळं गाव होतं. संदीपही होता. खांदा द्यायला तो पुढे आला तेव्हा क्षणभर सगळे थांबले, मग कुणीतरी सरकून जागा दिली. आम्हाला सुतक, म्हणून चंपाषष्ठीच्या पूजेला जाफराबादहून मामांचे जावई आले. मामांनी चाळून ठेवलेला भंडारा त्यांना चालेना. जीव गेला तेव्हा मामांच्या हातात होता ना तो. बाजारातून पुडे आणले. त्या दिवशी पालखी आमच्या गल्लीतून निघाली. मी दारात उभी होते, उंबऱ्याच्या आत. येळकोट, येळकोट. सगळी गल्ली पिवळी. देवरावअण्णा ताट घेऊन दारोदार भंडारा देत चालले होते, आणि सवयीनं त्यांनी ते माझ्याही पुढे धरलं. मी हात मागे घेतला.

"अण्णा, आम्हाला सुतक आहे."

"अगं हो की! ध्यानातच न्हाई राह्यलं," असं म्हणून त्यांनी ताट चटकन बाजूला घेतलं आणि पुढच्या घरी गेले.

एवढंच झालं. कुणी माझ्याकडे दुसऱ्यांदा बघितलं नाही. कुणाला शंका आली नाही की ही हात का लावत नाही, हिच्या मनात काय आहे. एक शब्द पुरला. चार घरांपलीकडे संदीप त्याच्या दारात उभा होता. त्यानं सगळं बघितलं होतं. तो माझ्याकडे बघत होता, रागानं नव्हे, नुसता बघत होता, आणि मला कळलं की तो वाट बघतोय. पायरी चढायची नव्हती मला, भंडारा उचलायचा नव्हता. गल्लीत सगळं गाव होतं, लेकीबाळी होत्या, मीच मामांना सांगितलं होतं तसं. तोंड उघडायला सुतक आड येत नव्हतं. मामांचं वाक्य मला पाठ होतं. पालखी गेली, आवाज लांब गेला, संदीप आत गेला आणि मी दार लावून घेतलं.

तेरावा झाला, जावई ताट परत देऊन गेले. मी ते चिंच लावून घासलं. पण मामांनी चाळून ठेवलेली हळद अजून डब्यात आहे आणि मोबाइलच्या कव्हरवरचा ठसाही मी पुसलेला नाही. तोच मोबाइल हातात धरून हे लिहिते आहे. हे ज्या पेपरच्या पुरवणीत छापून येईल, ती आमच्या गावात येत नाही. तुम्ही वाचाल, कुणी हळहळाल, कुणी मला दोन शब्द सुनावाल, ते बरोबरच असेल. पण हे लिहिणं म्हणजे संदीपच्या दारात ताट नेण्यासारखंच आहे, हे मला कळतं. मधे दोन-तीन रविवार गेले. आरतीची घंटा घरात ऐकू येते. सुतक केव्हाच फिटलं, आणि मी अजून पायरी चढलेली नाही.